आर्केड द्वंद्वखेळाचे घरगुती संगणकावरील रूपांतर : ‘स्ट्रीट फायटर २’ या खेळाच्या विशेष संदर्भात

सारांश

नाणे टाकून खेळावयाच्या आर्केड यंत्रांवरील खेळ घरगुती संगणकांवर आणण्याच्या प्रक्रियेस संगणकक्षेत्रात ‘पोर्टिंग’ असे म्हणतात. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९१ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘स्ट्रीट फायटर २’ या द्वंद्वखेळाची घरगुती संगणकांवरील रूपांतरे हा या प्रक्रियेचा बोलका नमुना आहे. मूळ यंत्र आणि घरगुती संगणक यांच्या रचनेतील भेद, स्मृतीची व वेळेची मर्यादा, नियंत्रकावरील बटणांची संख्या आणि मूळ आज्ञावलीची उपलब्धता या चार अंगांनी प्रस्तुत लेखात या रूपांतरांचे विवेचन केले आहे. द्वंद्वखेळाचा प्राण त्याच्या चित्रांत नसून खेळाडूची कृती आणि पडद्यावरील परिणाम यांच्यातील कालसंबंधात असतो. हा संबंध ज्या रूपांतरात सुटला, तेथे चित्रे ओळखीची राहूनही खेळ मात्र हरवला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आर्केड, द्वंद्वखेळ, पोर्टिंग, स्प्राइट, फ्रेम, हिटबॉक्स, इम्युलेशन

१. प्रस्तावना

एका माध्यमातील कृती दुसऱ्या माध्यमात नेताना काय राखावयाचे आणि काय सोडावयाचे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. कादंबरीचे नाटक करताना किंवा नाटकाचा चित्रपट करताना तो पडतोच. संगणकीय खेळांच्या बाबतीत मात्र या प्रश्नाचा गंभीरपणे विचार क्वचितच होतो. आज्ञावली ही केवळ तांत्रिक बाब असून ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जशीच्या तशी हलविता येते, असा सर्वसाधारण समज आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतील खेळांचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही.

‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ ओसाका येथील कॅपकॉमने १९९१ मध्ये आर्केडसाठी तयार केला. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा हे त्याचे प्रमुख रचनाकार. खेळाडूस आठ योद्ध्यांमधून एकाची निवड करता येत असे. त्यांत हातपाय लांबविणारा धालसिम हा भारतीय योगीही होता. दोन व्यक्तींनी एकाच यंत्रापुढे शेजारी उभे राहून परस्परांशी झुंजावे, हे या खेळाचे मुख्य आकर्षण होते. त्याच्या यशामुळे घरगुती आवृत्त्यांना मोठी मागणी निर्माण झाली. बर्मिंगहॅम येथील यू. एस. गोल्ड या प्रकाशन कंपनीने १९९२ पासून कमोडोर अमिगा, अटारी एसटी, कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम आणि डॉस प्रणालीचे वैयक्तिक संगणक यांच्यासाठी युरोपच्या बाजारात आवृत्त्या आणल्या. सर्व वेष्टनांवर नाव एकच होते. आतला खेळ मात्र यंत्रागणिक वेगळा होता. तो वेगळा का झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. मूळ यंत्राची रचना

‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ कॅपकॉमच्या ‘सीपीएस-१’ या मंडलावर चालत असे. त्यात मोटोरोला ६८००० हा १० मेगाहर्ट्झ गतीचा मुख्य प्रक्रियक होता. ध्वनीसाठी झेड ८० हा स्वतंत्र प्रक्रियक, यामाहा कंपनीची वायएम २१५१ ही संगीतचिप आणि ध्वनिमुद्रित आवाजांसाठी ओकी कंपनीची आणखी एक चिप अशी व्यवस्था होती. पडद्यावर ३८४ × २२४ बिंदूंचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने उमटे.

या यंत्राचे खरे सामर्थ्य मुख्य प्रक्रियकात नव्हते, ही बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. अमिगा आणि अटारी एसटी या घरगुती संगणकांतही हाच ६८००० प्रक्रियक होता. त्याची गती अमिगामध्ये सुमारे ७.०९ आणि अटारी एसटीमध्ये ८ मेगाहर्ट्झ होती. केवळ प्रक्रियकाचा विचार केला तर ही तफावत फार मोठी नाही. खरा भेद चित्रव्यवस्थेत होता.

सीपीएस-१ मध्ये चित्रे लहान लहान चौकोनी तुकड्यांच्या, म्हणजे टाइलच्या, स्वरूपात कायमस्वरूपी स्मृतीत साठविलेली असत. पार्श्वभूमीसाठी टाइलचे तीन स्वतंत्र थर होते. हलणाऱ्या आकृत्यांसाठी १६ × १६ बिंदूंच्या २५६ स्प्राइटांची सोय होती. कोणता तुकडा पडद्यावर कोठे दाखवावयाचा, एवढेच मुख्य प्रक्रियकाने सांगावयाचे. तो तुकडा स्मृतीतून उचलून पडद्यावर मांडण्याचे काम चित्रचिपा परस्पर करीत. त्यामुळे रियू आणि झांगीफ यांच्यासारख्या मोठ्या आकृत्या हलविण्यासाठी मुख्य प्रक्रियकास जवळजवळ कष्टच पडत नसत. त्याचा वेळ लढतीचे नियम चालविण्यासाठी मोकळा राही.

अमिगामध्ये स्प्राइटांची सोय होती. परंतु त्यांची संख्या आठ, रुंदी प्रत्येकी १६ बिंदू आणि रंग तीनच. पडद्याचा मोठा भाग व्यापणारे दोन योद्धे त्यांत बसणे शक्य नव्हते. त्यामुळे योद्धे पार्श्वभूमीवर प्रत्यक्ष ‘रंगवावे’ लागत. प्रत्येक वेळी आधीची आकृती पुसावयाची, तिच्यामागील पार्श्वभूमी पूर्ववत करावयाची आणि नवी आकृती तिच्या कडा सांभाळून उमटवावयाची, असे हे काम होते. त्यासाठी अमिगात ब्लिटर नावाची साहाय्यक चिप होती. सुरुवातीच्या अटारी एसटीमध्ये तीही नसल्याने हा सर्व भार मुख्य प्रक्रियकावर पडे. डॉसच्या संगणकांत ३२० × २०० बिंदू आणि २५६ रंग मिळत असले तरी स्प्राइटची व्यवस्थाच नव्हती. तेथे एका पडद्याचे ६४,००० बाइट प्रक्रियकानेच हाताळावयाचे असत.

३. स्मृतीचा आणि रंगांचा प्रश्न

मूळ खेळातील केवळ चित्रांनी सुमारे ६ मेगाबाइट स्मृती व्यापली होती. अमिगाच्या एका फ्लॉपीवर ८८० किलोबाइट मावत. म्हणजे संक्षेप न करता नुसती चित्रे साठवावयाची तर सुमारे सात फ्लॉपी लागल्या असत्या. तथापि साठवणीपेक्षा बिकट प्रश्न कार्यरत स्मृतीचा होता. आर्केडमध्ये सर्व चित्रे सदैव यंत्रापुढे हजर असत. अमिगा ५०० मध्ये मुळात ५१२ किलोबाइट स्मृती होती आणि तीतच आज्ञावली, ध्वनी, पार्श्वभूमी आणि दोन्ही योद्ध्यांची चित्रे सामावणे भाग होते. कमोडोर ६४ ची एकूण स्मृती ६४ किलोबाइट, म्हणजे मूळ चित्रसाठ्याच्या ९६ वा हिस्सा. ४८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रमच्या बाबतीत हे प्रमाण १२८ वा हिस्सा इतके होते.

या कोंडीतून दोनच वाटा निघत होत्या. आकृत्या लहान करावयाच्या किंवा हालचालींतील मधल्या अवस्था गाळावयाच्या. दुसरी वाट अधिक सोयीची वाटे. एखादा ठोसा मूळ खेळात पाच चित्रांत दाखविला असेल तर तो तीन चित्रांत दाखविता येतो. पाहणाऱ्यास हालचाल थोडी तुटक दिसेल, एवढेच नुकसान होईल असे प्रथमदर्शनी वाटते. नुकसान त्याहून मोठे असते, हे पुढील विभागात स्पष्ट होईल.

रंगांची स्थितीही अशीच होती. अमिगावर सर्वसाधारणपणे ३२ आणि अटारी एसटीवर १६ रंग एका वेळी उपलब्ध असत. स्पेक्ट्रमवर ८ × ८ बिंदूंच्या प्रत्येक चौकटीत केवळ दोनच रंग वापरता येत. दोन भिन्न रंगांचे योद्धे एकमेकांस भिडले की एकाच चौकटीत दोघांचे रंग मावत नसत आणि ते परस्परांत मिसळल्यासारखे दिसत. द्वंद्वखेळात दोन आकृत्या सतत एकमेकींना भिडणारच; म्हणून या यंत्रावर बहुधा एकरंगी आकृत्यांचा आश्रय घेतला जाई.

४. वेळ : द्वंद्वखेळाचे व्याकरण

द्वंद्वखेळातील प्रत्येक प्रहाराचे तीन भाग असतात. पहिला भाग प्रहाराच्या तयारीचा. दुसरा प्रत्यक्ष आघाताचा. तिसरा भाग शरीर पूर्वस्थितीत येण्याचा. या काळात योद्धा असुरक्षित असतो. हे तिन्ही भाग फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावर एकदा चित्र उमटण्याच्या कालावधीत, मोजले जातात. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची होते. हलका ठोसा झटपट लागतो पण इजा कमी करतो. जड ठोसा अधिक इजा करतो पण त्याची तयारी दीर्घ असते. खेळाडूचे सारे डावपेच या फरकावर उभे असतात.

उदाहरणादाखल, एका प्रहारास तयारीसाठी चार फ्रेम आणि दुसऱ्यास पाच फ्रेम लागतात असे मानू. हा काळ अनुक्रमे सुमारे ६७ आणि ८३ मिलिसेकंद होतो. दोन्ही एकाच वेळी सुरू झाले तर पहिला प्रहार जिंकतो. आता हाच खेळ अशा संगणकावर नेला की ज्यास चित्र रंगविण्यास वेळ लागत असल्याने तो सेकंदाला २५ वेळाच पडदा बदलू शकतो. तेथे काळाचे सर्वांत लहान माप ४० मिलिसेकंदांचे झाले. खेळाचे नियमही त्याच मापाने चालविले तर दोन्ही प्रहारांना दोन-दोन मापे, म्हणजे ८० मिलिसेकंद, लागतील. ज्या फरकावर मूळ खेळातील निर्णय होत होता, तो फरकच येथे नाहीसा झाला. चित्र तेच, ठोसा तोच. परंतु कोणता ठोसा केव्हा वापरावा या ज्ञानाला अर्थ उरत नाही.

युरोपातील दूरचित्रवाणी पद्धतीमुळे यात आणखी भर पडे. तेथील पडदे सेकंदाला ५० वेळा बदलत. ६० फ्रेमच्या हिशेबाने रचलेला खेळ तसाच ५० फ्रेमवर चालविला तर त्याची गती एक षष्ठांशाने मंदावते. कमोडोर ६४ च्या प्रक्रियकास तर एका फ्रेममध्ये सुमारे १९,६५० घटकाचक्रे मिळत. मूळ यंत्रास सुमारे १ लाख ६६ हजार मिळत. प्रक्रियक भिन्न प्रकारचे असल्याने हे आकडे थेट तुलनीय नाहीत. तरी कामाला मिळणाऱ्या वेळेची कल्पना त्यावरून येते.

५. अदृश्य चौकटी

पडद्यावरील ठोसा लागला की नाही, हे संगणक चित्र पाहून ठरवीत नाही. प्रत्येक आकृतीभोवती काही अदृश्य आयत कल्पिलेले असतात. त्यांना हिटबॉक्स म्हणतात. एका योद्ध्याचा आघाताचा आयत दुसऱ्याच्या शरीराच्या आयतास छेदतो तेव्हा प्रहार लागला असे मानले जाते. धालसिमचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचा हात पडद्यावर दूरवर पोचतो. पण हात लांबविताच त्याच्या शरीराचा आयतही पुढे जातो आणि प्रतिस्पर्ध्यास त्या हातावरच प्रहार करता येतो. लाभाला जोडलेल्या या जोखमीमुळे धालसिम हे पात्र खेळात समतोल ठरते.

येथे रूपांतरकाराची खरी अडचण दिसून येते. त्या काळी घरगुती आवृत्त्या करणाऱ्या छोट्या गटांना अनेकदा मूळ आज्ञावली मिळत नसे. आर्केड यंत्र समोर ठेवून ते पुनःपुन्हा खेळावयाचे, खेळाचे चित्रमुद्रण करावयाचे, त्यावरून आकृत्या नव्याने काढावयाच्या आणि नियम अंदाजाने रचावयाचे, अशी पद्धत प्रचलित होती. चित्रमुद्रणात आकृत्या दिसतात. आयत दिसत नाहीत. फ्रेमची नेमकी संख्याही त्यातून सहज हाती लागत नाही. परिणामी जे दिसत होते ते उतरले आणि जे दिसत नव्हते ते निसटले.

‘कॉम्बो’ म्हणजे प्रहारांची अखंड साखळी. ती या खेळाची पुढे सर्वांत प्रसिद्ध ठरलेली खूण होय. मूळ निर्मात्यांनी ती मुद्दाम योजलेली नव्हती. गाडी फोडण्याच्या बोनस फेरीची तपासणी करताना एका प्रहारापाठोपाठ दुसरा बसविता येतो, हे नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आले. ते साधणे फार कठीण असल्याने कोणी वापरणार नाही असे वाटून ती गोष्ट खेळात राहू दिली गेली. म्हणजे खेळाचा हा प्राणभूत विशेष कोणत्याही आराखड्यात लिहिलेला नव्हता. तो फ्रेमच्या हिशेबातून आपोआप उद्भवला होता. जो हिशेबच माहीत नाही, त्यातून उद्भवणारी गोष्ट अंदाजाने पुन्हा निर्माण करणे जवळजवळ अशक्य होते.

६. सहा बटणे आणि एक बटण

आर्केडवर प्रत्येक खेळाडूसाठी आठ दिशांचा दांडा आणि सहा बटणे होती. तीन बटणे हलका, मध्यम व जड ठोसा यांसाठी आणि तीन तशाच लाथांसाठी. ‘हादोकेन’ हा अग्निगोळा सोडण्यासाठी दांडा खाली, मग तिरका आणि मग पुढे फिरवून ठोशाचे बटण दाबावे लागे. दांडा ‘कोठे आणि कसे’ सांगे. बटण ‘काय’ हे सांगे. दोहोंची कामे स्पष्टपणे वेगळी होती.

अमिगा, अटारी एसटी, कमोडोर ६४ आणि स्पेक्ट्रम यांच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जॉयस्टिकना एकच बटण होते. मग बटण दाबून धरून दांडा ज्या दिशेला ढकलावा तो प्रहार, अशी योजना करणे भाग पडे. अशा योजनेत दिशेवर दुहेरी भार येतो. पुढे ढकलणे म्हणजे पुढे चालणे, की विशिष्ट ठोसा, की हादोकेनचा शेवटचा टप्पा, याचा निर्णय यंत्रास करावा लागतो आणि तो चुकतो. खाली बसून हलका ठोसा, खाली बसून जड लाथ असे स्वतंत्र पर्याय खेळाडूस सहजी मिळत नाहीत. सहा शब्दांची भाषा एका शब्दात बोलावी, असा हा प्रकार होता. डॉसच्या संगणकावर कळफलकाचा पर्याय होता. तथापि दोन खेळाडूंनी एकाच कळफलकावर अनेक कळा एकाच वेळी दाबल्या तर त्यांतील काहींची नोंदच न होण्याची अडचण तेथे येत असे.

७. दोन प्रतिउदाहरणे

वरील मर्यादा पाहता घरगुती यंत्रावर हा खेळ नेणे मुळातच अशक्य होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो योग्य नाही.

कॅपकॉमने स्वतः १९९२ मध्ये सुपर निन्टेंडो या घरगुती खेळयंत्रासाठी आवृत्ती तयार केली. हे यंत्र संगणक नव्हे, तरी तुलनेसाठी महत्त्वाचे आहे. त्याच्या प्रक्रियकाची कमाल गती सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे अमिगाच्या निम्मी होती. खेळाच्या कार्ट्रिजची क्षमता २ मेगाबाइट होती. त्यामुळे चित्रांत काटछाट झाली आणि पिंपे फोडण्याची बोनस फेरी बदलून तेथे विटा फोडण्याची फेरी आली. तरीही ही आवृत्ती खेळाडूंनी आपलीशी केली आणि तिच्या ६० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तिची कारणे तीन सांगता येतील. यंत्रात टाइल व स्प्राइटची व्यवस्था अंगभूत होती. नियंत्रकावर प्रहारांसाठी सहा बटणे उपलब्ध होती. शिवाय रूपांतर करणाऱ्यांना मूळ खेळाचे अंतरंग ठाऊक होते, त्यामुळे काय कापले तर चालेल आणि काय कापता कामा नये, याचा विवेक ते करू शकले.

दुसरे उदाहरण घरगुती संगणकाचेच आहे. जपानमध्ये १९८७ मध्ये बाजारात आलेल्या शार्प एक्स ६८००० या संगणकात १० मेगाहर्ट्झचा ६८००० प्रक्रियक, १२८ स्प्राइट आणि आर्केडवरील तीच वायएम २१५१ संगीतचिप होती. कॅपकॉमने १९९३ मध्ये या संगणकासाठी खेळाची सुधारित ‘डॅश’ आवृत्ती काढली. ती मूळ आर्केडच्या अत्यंत जवळ गेली. मात्र या संगणकाची आरंभीची किंमत ३,६९,००० येन होती आणि तो प्रामुख्याने जपानपुरताच मर्यादित राहिला. म्हणजे रूपांतर तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हते. सामान्य युरोपीय घरात जे यंत्र होते, त्यावर आणि त्या कार्यपद्धतीने ते अवघड होते.

८. रूपांतरापासून जतनापर्यंत

फेब्रुवारी १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ या प्रणालीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचा मार्ग वेगळा होता. यात खेळ नव्याने लिहिला जात नाही. मूळ यंत्राचेच वर्तन आज्ञावलीच्या साहाय्याने उभे केले जाते आणि त्यावर मूळ खेळ अक्षरही न बदलता चालविला जातो. यास इम्युलेशन म्हणतात. रूपांतर हे अनुवादासारखे असेल, तर इम्युलेशन हे मूळ पोथी वाचता यावी म्हणून ती लिपीच शिकून घेण्यासारखे आहे. यामुळे फ्रेमचा हिशेब आणि अदृश्य चौकटी कोणास ठाऊक नसल्या तरी शाबूत राहतात.

या कामाची निकड सीपीएस-२ या पुढच्या मंडलावरून ध्यानात येते. १९९३ पासून वापरात आलेल्या या मंडलातील आज्ञावली सांकेतिक स्वरूपात असे आणि ती उलगडण्याची किल्ली विद्युतघटाच्या आधारे स्मृतीत टिकून राही. घट संपला की किल्ली पुसली जाई आणि यंत्र कायमचे मुके होई. नक्कल रोखण्यासाठी केलेली ही योजना खेळाच्याच मुळावर येणारी होती. अभ्यासकांनी २००७ मध्ये या संकेतपद्धतीची उकल केली, म्हणून तो ठेवा वाचला. १९९२ च्या घरगुती आवृत्त्या हाच जर पुढील पिढीच्या हाती उरलेला एकमेव पुरावा असता, तर हा खेळ एवढा महत्त्वाचा का मानला गेला, हे त्यांवरून कोणासही कळले नसते.

९. निष्कर्ष

१) आर्केड व घरगुती संगणक यांच्यातील मुख्य भेद प्रक्रियकाच्या गतीचा नव्हता, चित्रव्यवस्थेच्या रचनेचा होता. एकच प्रक्रियक असलेल्या दोन यंत्रांवर एकच खेळ सारखा चालेलच असे नाही.

२) द्वंद्वखेळात चित्रांची हानी खेळाडू सहन करू शकतो, कालसंबंधाची हानी सहन करू शकत नाही. सुपर निन्टेंडोवरील आवृत्ती याचा पुरावा होय.

३) नियंत्रक हा खेळाचा बाह्य भाग नसून त्याच्या भाषेचा अविभाज्य घटक आहे. बटणांची संख्या घटली की खेळाची अर्थक्षमताही घटते.

४) अपयशी रूपांतरांचा दोष केवळ रूपांतरकारांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. ज्यांना मूळ आज्ञावली मिळाली नाही, त्यांनी डोळ्यांना जे दिसले ते निष्ठेने उतरविले. न दिसणारे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोचविण्याची जबाबदारी मूळ हक्कधारकांची होती.

५) संगणकशास्त्र, अनुवादविद्या आणि ग्रंथालयशास्त्र या तिन्ही शाखांच्या अध्यापकांना हा विषय एकत्र आणू शकतो. कोणतीही संगणकीय कृती जतन करताना तिचे दृश्य रूप साठविणे पुरेसे नाही. ती वापरणाऱ्यास कसा आणि किती वेळात प्रतिसाद देते, हेही साठवावे लागते. शासकीय नोंदी, शैक्षणिक साधने आणि ग्रंथालयांतील संगणकीय संग्रह नव्या यंत्रांवर नेतानाही हाच विचार करावा लागेल.